रक्त गोठायला लागलेली मिनिटं

परवा रक्त तपासायला गेले होते. हातावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासासरशी मी परळच्या चाळीतल्या आमच्या खोलीत जाऊन पोचले.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. माझा थोरला भाऊ गिरणीतून सुटला की सभांसाठी पोवाडे लिहीत बसायचा. त्याच्या ओळींवर माझा कधीच विश्वास बसला नाही. त्यानं ‘रक्त पेटले’ लिहिलं की मी म्हणायचे, "रक्त पेटत नाही, दादा. मी रोज बघते."

"तुझ्या काचपट्टीवर नसेल पेटत," तो म्हणायचा.

गोळीबार झाला त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा माझ्या पदराला तोच स्पिरिटचा वास होता. दादा दारातच उभा होता. मी त्याला सांगितलं, की एका जखमी कामगाराचं रक्त माझ्या हातातल्या नळीत सहा मिनिटांत गोठलं, आणि तेवढ्यात समोर स्ट्रेचरवर तो माणूसही गेला.

दादानं कानावरची पेन्सिल काढली.

"किती मिनिटं म्हणालीस गो?"

मला त्याची किळस आली. तिकडे माणूस मेला आणि ह्याला ओळ सुचतेय. कितीतरी वर्षं मी ते मनात धरून होते.

परवा सुई टोचली तशी माझी नजर आपसूक भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. त्या संध्याकाळी तो माणूस जात होता, तेव्हाही मी घड्याळच बघत होते.