पांढरं फुललेले पाच पैसे

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी भंडारा जिल्ह्यात सिहोऱ्याच्या पुढे, एका धानाच्या गावात नर्स होते. गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला सगळे माय म्हणत, मीही. माझ्या आधी सगळी बाळंतपणं तीच करायची. मी आल्याचा तिनं राग धरला नाही. पोटावर हात ठेवून मूल कसं आहे ते ओळखायला मला तिनंच शिकवलं.

त्या दिवशी एका शेतकऱ्याच्या घरी मी पोचले तेव्हा मुलगा झाला होता, नाळही कापून झाली होती. बाळाच्या मुठीला नाणं लावून ते उशाखाली ठेवायची मायची रीत होती. तिच्याकडे नाणं नव्हतं.

"बाई, पाच पैसे असतीन का तुमच्यापाशी?"

मी बॅगेच्या तळातून एक नाणं काढून दिलं. दुसऱ्या दिवशी लसीकरणासाठी बाहेरगावी गेले ती आठ दिवसांनी परतले. बाळ गेलं होतं. मायच्या घराच्या छपराचे कवेलू फुटून अंगणात पडले होते आणि ती लाखनीला भाचीकडे निघून गेली होती.

बाळाच्या बापानं कागदाची पुडी माझ्यापुढे ठेवली. "पाचव्या दिवशी पोरानं दूध सोडलं. उशी उचलली तं हे. पुसलं तरी पुन्हा आलं. बुढीनं करणी केली, असं लोक म्हणतेत."

पुडीत ते पाच पैसे होते. त्यावर पांढरे, राखेसारखे केस उगवले होते. बोट लावलं की गळून पडत, आणि खाली नाणं खरवडल्यासारखं खडबडीत.

नाणं माझ्याच बॅगेतलं होतं, म्हणून मी बॅग उलटी केली. तळाच्या शिवणीत काचेचे तुकडे आणि पाऱ्याचे बारीक थेंब होते. बाळंतपणाच्या आदल्या दिवशी थर्मामीटर बॅगेत फुटला होता. साहेबांना लेखी उत्तर द्यावं लागेल म्हणून मी ते लपवलं होतं. तिथंच अडकलेल्या, काचेनं ओरखडलेल्या दहा पैशांवरही तसंच पांढरं फुललं होतं.

दवाखान्यातल्या कंपाउंडरला दाखवलं. त्यानं खिशातलं एक कोरं नाणं ब्लेडनं खरवडलं, त्यावर पारा चोळला आणि खिडकीत ठेवलं. आमचा चहा होईपर्यंत त्यावर पांढरी लव आली. तो म्हणाला, "ॲल्युमिनियमले पारा लागला का ते असंच फुगते, बाई. करणी नाही न काही नाही."

मी त्या घरी जाऊन सगळ्यांसमोर तसंच करून दाखवलं. बाळाच्या आजानं नाणं उचलून उलटसुलट पाहिलं.

"मंग पोरगा कायनं मेला?"

जबडा मिटला होता, अंग ताणत होतं, हे मी आल्याआल्या ऐकलं होतं. "धनुर्वातानं," मी म्हणाले. "बाळाच्या आईला गरोदरपणात दोन इंजेक्शनं लागतात. तिला एकच मिळालं. दुसऱ्याच्या वेळी मी आले नाही."

कुणी मला शिवी दिली नाही. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून निजली होती, ती वळली नाही. आजा उठून बैलांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी लाखनीला गेले. हायवेला लागून भाचीची झोपडी होती. माय सुपात तांदूळ निवडत होती, कपाळावर जखमेची खपली होती. मी थर्मामीटरचं, इंजेक्शनचं, सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तवाच समजलं असतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली.

"माय, चल परत. मी सोबत आहे."

"नोको. ज्याइनं दगड मारले, ते माह्या हातावर जन्मले हायेत. त्याइचं तोंड नाही पाहवत."

मी निघाले तेव्हा तिनं हाक मारली. "पाटलाच्या सुनेचे दिवस भरत आले असतीन. तिचं पोर आडवं हाय. गावात नोको करू, भंडाऱ्याले ने."

मी नेलं. मूल आडवंच होतं. ऑपरेशन झालं, दोघंही वाचली. हे कुणामुळे झालं ते मी पाटलाला सांगितलं, आणखी चार घरी सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. लाखनीला कुणी गेलं नाही.