मार्थामावशींची चिठ्ठी

चर्चच्या अंकासाठी करुणेवर लेख द्यायचा होता. तीन आठवडे मोठमोठे शब्द धुंडाळले, पण एक ओळ उतरेना.

रविवारी उपासनेआधी आम्ही प्रार्थनेच्या चिठ्ठ्या पेटीत टाकतो. शेजारच्या मार्थामावशींना लिहिता येत नाही, म्हणून त्यांची चिठ्ठी मी लिहिते.

"लिही, शकूचा गुडघा बरा होऊ दे."

"नळावर तुमची घागर फोडली, ती शकू?"

"तीच. घागर फोडली म्हणून गुडघा काय कमी दुखतो?"

मी तसं लिहून घेतलं.

"तुझं काय गं?"

"लेख होत नाहीये, मावशी."

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. कोऱ्या चिठ्ठीवर, श्वास रोखून, एक वाकडा क्रूस काढला आणि घडी घालून चिठ्ठी पेटीत टाकली.

त्यांना येणारं ते एकच अक्षर होतं. ते त्यांनी माझ्यासाठी खर्च केलं.