पुढच्या फेरीचं संत्रं

सोमवारी सौंसरहून नागपूरला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या बागवानाने माझ्या हातावर एक संत्रं ठेवलं आणि लगेच स्वतःच्या मानेवरची गाठ दाखवली. "लिंबाएवढी होती, आता बोराएवढी हाये. लिम्फोमा म्हनतात, गाठीचा कॅन्सर, तो बी दुर्मीळ!" जिल्ह्यात पहिला आल्यासारखं त्याने सांगितलं.

मी जीवशास्त्राचा मास्तर आहे म्हणताच तोच मला शिकवायला लागला. "डॉक्टर म्हने, जीन्स तेच हायेत, त्यायच्यावर खुणा बसल्या. म्हून काही झोपले, काही नको तेव्हा जागे झाले. म्या म्हटलं, हे तं आमच्या बागेतलंच! झाड तेच असते, पाणी तोडून ताण देल्ला का फुलते. समजलं का, सर?"

मी पोरासारखी मान हलवली.

"त्या खुणा पाहून सांगतात म्हने, पुढचं औषध लागू पडन का नाई."

"मग काय सांगितलं?"

"रिपोर्ट आज हाये." एवढं हळू तो पहिल्यांदाच बोलला. मग उतरता उतरता म्हणाला, "संत्रं आंबट निघालं तं सांगजा, पुढच्या फेरीले दुसरं आनतो."

संत्रं आंबटच निघालं. तेव्हापासून दर सोमवारी मी त्याच बसमध्ये, शेजारची जागा राखून, तक्रार घेऊन बसतो.