हलकी झालेली देवी

त्या प्रकरणाची आठवण निघाली, की अजूनही अंगावर काटा येतो. तो भीतीचा नसतो.

मी तेव्हा चेन्नईत गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. घरात तंजावरची मराठी, बाहेर सगळा कारभार तमिळमध्ये. एका सकाळी एका लहान खाजगी संग्रहालयाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. "सर, आमची देवी बदललीय." साफसफाईसाठी काचेच्या पेटीतून कांस्यमूर्ती काढायला सांगितली, तर एरवी दोघांना जड जाणारी देवी शिपायानं एकट्यानं उचलली. मूळ मूर्ती भरीव होती. ही आतून पोकळ.

पंचनामा केला, कॅमेऱ्यांचं चित्रण तपासलं. फोटो काढण्यास मनाई असल्याच्या फलकाशेजारीच एक तरुण देवीभोवती फिरून मोबाइलनं फोटो काढताना दिसला. ऑनलाइन तिकिटावरून तो सापडला. ओरगडमच्या मोटार कारखान्यातला इंजिनिअर, मूळचा साताऱ्याचा. ठाण्यात मी मराठीत बोललो, तसं त्याला रडूच कोसळलं.

"सर, मी चोर नाही. फोटो जोडून कॉम्प्युटरवर मूर्तीचं मॉडेल केलं आणि हौसेनं इंटरनेटवर टाकलं. एवढंच."

रडण्यावरून काही ठरवता येत नाही. खरं बोलणाराही घाबरतो. मी नकली मूर्ती त्याच्यापुढे ठेवली. बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"पायामागचा हा गोळा बघा. तिथला फोटो घेण्याआधीच रखवालदारानं मला हटकलं. ती जागा कॉम्प्युटरनं अंदाजानं भरली. सर, ही माझ्याच मॉडेलवरून ओतलीय."

"मॉडेल कुणी मागितलं होतं?"

त्यानं मोबाइलवरचे मेसेज दाखवले. एकानं जास्त बारकाव्याची प्रत मागवली होती. तो नंबर गिंडीतल्या एका ओतकाम कारखानदाराचा निघाला. चौकशीत त्यानं कबूल केलं: नकली मूर्ती त्यानंच ओतली होती, संग्रहालयात दिवे बसवणाऱ्या ठेकेदारानं ती बदलली होती आणि मूळ मूर्तीची खिळे ठोकलेली पेटी याच्याकडे ठेवली होती. परदेशी जाण्याआधीच आम्ही ती ताब्यात घेतली.

ठाण्यात पंचांसमोर पेटी उघडली. पेंढा बाजूला केला. देवी नुकतीच पाऊल उचलून थांबल्यासारखी उभी होती. टाचेमागं, जिथं कुणाची नजर जाणार नाही, तिथंही पैंजणाचं एकेक घुंगरू कोरलेलं. माझ्या हवालदारानं न सांगता बूट काढले.

फ्लॅशच्या उजेडानं जुन्या वस्तू खराब होतात, गर्दी अडते, म्हणून फोटोला मनाई असते, एवढंच मी तोवर समजत होतो. हौसेनं काढलेला फोटो कुणाच्या हाती पडेल हे काढणाऱ्याला कळत नाही, हे त्या तपासात शिकलो. तरुणाला आम्ही साक्षीदार केलं.

कारखानदारानं मूळ मूर्ती कधी पाहिलीच नव्हती. कोठडीतून तो तमिळ रीतीनं मला साहेब म्हणत म्हणाला, "अय्या, एकदा बघू द्या." मी त्याला मूर्ती ठेवलेल्या खोलीच्या दारापर्यंत आणलं. तो पाहत राहिला, मग गुडघ्यांवर बसला.

"अय्या," तो हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, मी हिला केलं."