अंताची उंच गाडी

पेणजवळ जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते तेव्हा सुलभाचा फोन आला. सुलभा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, अनंताची बायको. आखणी चालू असताना मी फोन उचलत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती दुपारची कधी फोन करत नाही. तो पुन्हा पुन्हा वाजत राहिला तेव्हा उचलला. "ताई..." ती म्हणाली. मग तिच्या हातातून फोन कुणीतरी घेतला आणि अंताच्या शेतावर काम करणाऱ्या बाळारामचा आवाज आला, "ताई, तुमी रोह्याला या. अंतादादा गेले." कुठे गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं मी तसं... कारखान्यातल्या बायकांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, रिक्षा बोलावली, मला धरून आत बसवलं. माझ्या पाठीचं ऑपरेशन झालेलं आहे. रिक्षात बसायची मला सक्त मनाई आहे. वडखळ, नागोठणे, रोहा हा सगळा रस्ता कसा आहे ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. पण त्या दिवशी त्यातला एकही खड्डा मला जाणवला नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. अंताबद्दल लिही, असं सगळे म्हणतात, आणि मी लिहायला बसले की त्याच्या गाडीबद्दलच लिहिते. त्याला इलाज नाही. रोह्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. आमचं भाताचं शेत ओढ्याच्या पलीकडे होतं आणि पावसाळ्यात ओढा भरला की चार-चार दिवस पलीकडे जाता यायचं नाही. बाबा या काठावर उभे राहून आडवं पडलेलं भात बघत बसायचे. तेव्हा अंता त्यांना सांगायचा की मी उंच गाडी घेईन, पाण्यातून सरळ नेईन तुम्हाला. बाबा हसायचे. मोठेपणी अंता रोह्याला कंपनीत लागला, शिफ्ट करत राहिला, संसारात पडला. बाबा गेले. आणि नोकरीची शेवटची वर्षं उरलेली असताना हा पठ्ठ्या एक दिवस खरोखरच जुनी जीप घेऊन दारात आला. पुण्याकडच्या कुणा हौशी मुलांनी डोंगर चढण्यासाठी ती मुद्दाम उंच करून घेतली होती. जाड टायर, आणि खाली एवढी जागा की कोंबड्या आरामात सावलीला बसायच्या. सुलभा म्हणाली, "यात चढायला शिडी कुठाय?" अंताने त्याच आठवड्यात लोखंडी पायरी जोडून घेतली. पहिल्या पावसात तो ओढ्यातून पलीकडे गेला आणि शेताच्या बांधावर उभा राहून त्याने मला पेणला फोन केला. नुसता पावसाचा आवाज ऐकवला.

यजमान गेल्यापासून मी पेणला रामवाडीत एकटीच राहते. जोह्याला बसने जायचं, दिवसभर डोळे आखायचे, संध्याकाळी परत यायचं, एवढंच माझं आयुष्य आणि ते मला आवडत होतं. एका सकाळी कारखान्याच्या माळ्यावरून साचा उतरवताना शिडी सरकली. मणक्याचं ऑपरेशन झालं. पाय वाचले, पण डॉक्टरांनी बजावलं की व्यायाम चुकवायचा नाही आणि पाठीला हिसका बसू द्यायचा नाही. अंता मला विचारायच्या भानगडीत न पडता गावी घेऊन गेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई मात्र पेणच्या, आणि तिथवर जायला होती ही जीप. पहिल्या खेपेला रोह्याच्या पुलापर्यंत येईतो मी ओठ चावून बसले होते. पुढे मला ते जमलं नाही. मी ओरडायला लागले. त्या गाडीला खड्डा मुरवणं ठाऊकच नव्हतं, प्रत्येक हादरा जसाच्या तसा माझ्या पाठीत येत होता. घरी आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि सांगितलं, मला आता कुठे नेऊ नका. आखणी गेली, जोहं गेलं, मी इथेच बरी. अंता खाटेपाशी जमिनीवर बसला. "ताई, गाडी खराब हाय," तो म्हणाला. "तू नाय."

दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट संपली की तो रोह्याला इक्बालभाईंच्या गॅरेजमध्ये जायला लागला. इक्बालभाई त्याचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी सरळ उपाय सांगितला, की उंची काढून टाकू, कंपनीतून निघाली होती तशी करू, ताई आरामात जाईल. अंता लगेच तयार झाला. मला कळलं तेव्हा मी नाही म्हटलं. पुढच्या पावसात हा ओढ्याच्या काठावर बाबांसारखा उभा राहिलेला मला बघायचा नव्हता. त्यावरून आमचं मोठं भांडण झालं. दोघंही इरेला पेटलेले, आणि सुलभा मधे ताटं वाढत होती. शेवटी असं ठरलं की उंची ठेवायची आणि धक्का काढायचा. ते होईल का, हे इक्बालभाईंनाही माहीत नव्हतं.

आधी त्यांनी टायरमधली हवा कमी केली. बारीक खडी लागेनाशी झाली, मोठे खड्डे तसेच लागत राहिले. मग पाटे उघडले. चाकांवर लोखंडी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, ते पाटे. गाडी उंच करताना पुण्याच्या त्या पोरांनी त्यात जास्तीच्या जाड पट्ट्या घातल्या होत्या. त्यातली एकेक काढली, बाकीच्यांमध्ये ग्रीस भरलं, पाट्यांच्या टोकांचे, वाळून दगड झालेले रबरी बुश बदलले. गाडी मऊ झाली खरी, पण होडीसारखी डुलायला लागली. नागोठण्याच्या अलीकडेच मला उलटी झाली. अंताने गाडी बाजूला घेतली, माझं तोंड धुतलं, पाणी दिलं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी हाक मारली तेव्हा डोळे पुसून वळला आणि म्हणाला, "हळू नेतो आता."

आणि त्या हळू जाण्यातच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी म्हटलं, "अंता, खड्ड्यात आपटताना एवढं दुखत नाही रे. चाक खाली उतरतं ना, तेव्हा कुणीतरी खालून ओढल्यासारखं होतं."

"उतरताना?"

"व्हय. टक्क करून ओढतं."

त्याने तिथेच गाडी थांबवली आणि भर रस्त्यात गाडीखाली घुसला. मागून ट्रकवाले ओरडत होते. बाहेर आला तेव्हा कपाळाला काळं लागलेलं आणि चेहरा कसा, तर लग्न ठरल्यासारखा. "अगो ताई, शॉकअप आखूड हाय! गाडी उंच केली नि शॉकअप जुनाच ठेवलाय. चाक खाली जायला बघतंय नि तो जाऊ देत नाय!" रस्त्यावरून इक्बालभाईंना फोन लावून तो हेच परत परत ओरडून सांगत होता. दोघांनी मिळून लांब शॉकअप, म्हणजे चाकाचा हादरा जिरवणारे दांडे, शोधले, त्यांना धरायच्या पट्ट्या नव्या जागी वेल्ड केल्या. एवढं झाल्यावर इक्बालभाईंनी आधी सुलभाला फिरवून आणलं, मग स्वतःच्या आईला. तिसरी मी. त्या दिवशी पेणला जाताना मला झोप लागली. वडखळला जाग आली तर अंता एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसरा हात माझ्या कपाळापुढे आडवा धरून बसला होता, मान पुढे पडू नये म्हणून... "किती वेळ धरलायस?" मी विचारलं. "झोप ना गप," तो म्हणाला.

पुढच्या हंगामाला मी जोह्याला परत गेले. पहिल्या दिवशी अंताने सुट्टी टाकली आणि कारखान्याबाहेर गाडीच्या सावलीत बसून राहिला. संध्याकाळी आत आला, मी आखलेल्या मूर्तींसमोरून हळूहळू गेला. त्याने प्रत्येक मूर्तीला हात जोडले, आणि मग मला.

मी रामवाडीला परत राहायला आले. मी बरी झाले. आमच्या घरात सगळ्यांनी, मीसुद्धा, जिवाची काळजी केली ती माझ्या. त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. निवृत्त होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं.

त्या दिवशी तो शेतावर होता. छातीत दुखतंय म्हणाला, आणि बांधावर बसला. ओढ्याला पाणी होतं. बाळारामने त्याला उचलून जीपमध्ये घातलं, ओढा पार केला, वाटेत सुलभाला घेतलं. तिने मागे बसून त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. रोहा दिसायला लागला, आणि त्याने मान टाकली. हे मला बाळारामने दिवसकार्य झाल्यावर सांगितलं. ओटीवर बसून, खाली बघत. "ताई, मी लय जोरात आणली गाडी. खड्डा बघितला नाय, काय नाय. पण तुमच्या पुढल्या सीटवर बसवलेलं त्यांना... एक हिसका नाय बसला. निजल्यावानी गेले." माझ्यासाठी केलेली ती गाडी होती. मला त्यात समाधान मानता येत नाही. लोक म्हणतात मान, पण येत नाही.

जीप विकायची का, असं नातेवाईक विचारत होते. सुलभा नाही म्हणाली. शेत पलीकडे आहे, आणि पाऊस दरवर्षी येणार. ती बाळारामकडून गाडी शिकते आहे. गेल्या रविवारी मी गावी गेले तेव्हा म्हणाली, "ताई, बसा, ओढ्यापर्यंत नेते." ती ठेंगणी, अंता उंच. सीट अजून अंताने लावलेली तशीच होती, आणि तिचे पाय पेडलपर्यंत नीट पोचत नव्हते. बाळारामने सांगितलं की सीटखाली दांडी आहे, ती ओढली की सीट पुढे येते. सुलभाने खाली हात घातला. दांडी तिला सापडली हे मला दिसलं. तिने ती धरून ठेवली, थोडा वेळ, आणि मग सोडून दिली. घरात गेली, दोन उशा आणल्या, पाठीमागे लावल्या आणि त्यांना टेकून बसली. मग सावकाश गाडी चालू केली.