मंदाकिनीबाईंचं आजऱ्याला जाणं

निवृत्तीनंतर पुण्यात राहायचं नाही, हे मंदाकिनी गायसमुद्रे यांनी नोकरीत असतानाच ठरवून टाकलं होतं. सव्वीस वर्षं त्या एका मोठ्या इस्पितळात अपघात विभागात सिस्टर होत्या. फुटलेली डोकी, भोसकलेली पोटं, कोयत्यानं उघडे पडलेले खांदे बांधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. "सकाळी उठल्यावर डोंगर दिसेल आणि भाडं पेन्शनीत बसेल, असं गाव बघू," असं त्या नवऱ्याला म्हणायच्या. तात्याराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, जिभेनं तिखट. ते म्हणायचे, "डोंगर कात्रजलाही दिसतो. समोरची इमारत तेवढी पाडायला सांग."

वाई महाग वाटली, भोर फार जवळ. आजरा मात्र दोघांनाही पाहताक्षणी आवडलं. कौलारू घर, मागे भातखाचरं, थोडं चाललं की हिरण्यकेशीचं पात्र, आणि भाडं कात्रजच्या निम्म्याहून कमी. घरमालकाशी बोलणं पक्कं केलं, पाच किलो घनसाळ तांदूळ घेतला आणि दोघं परत निघाली. रविवारी सकाळी स्वारगेटला उतरून रिक्षानं आपल्या गल्लीत शिरली, तर तिघे जण उभ्या गाड्यांच्या काचा कोयत्यानं फोडत चालले होते. वर खिडक्या पटापट मिटत होत्या.

"बसून राहा," असं मंदाकिनीबाई म्हणेपर्यंत तात्याराव खाली उतरलेसुद्धा.

"झालं का तुमचं? आम्हाला घरी जायचंय. उरलेल्या गाड्या दुपारी फोडा."

दोघे हसले. तिसरा हसला नाही. त्याचं नाव सौरभ, हे नंतर पोलिसांकडून कळलं. त्यानं कोयता उगारला, तात्यारावांनी हात आडवा धरला, आणि पुढच्या क्षणी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं रस्त्यावर पडली होती.

मंदाकिनीबाईंनी तांदळाची पिशवी दोन्ही हातांनी फिरवली आणि सौरभच्या तोंडावर हाणली. पुन्हा हाणली. पिशवी फाटली, तांदूळ उधळला, त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. आपण ओरडतोय हे त्यांना कळत होतं. काय ओरडतोय ते कळत नव्हतं. तिघेही पळाले.

मग हातांनी सव्वीस वर्षांची सवय चालवली. पदर फाडून त्यांनी जखम करकचून आवळली, नवऱ्याला हात वर धरायला लावला, आणि लाल झालेल्या तांदळात बसून बोटं शोधली. ओल्या रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून ती दूधवाल्याकडच्या बर्फावर ठेवली. एक बोट जोडलं गेलं. दुसरं नाही.

फिर्याद त्यांनी दिली. साक्षीला मात्र कुणी येईना. सगळ्या गल्लीनं त्या सकाळी म्हणे आंघोळच चालवली होती. तिघे जामिनावर सुटले. सोसायटीचे अध्यक्ष हिंमतराव घरी येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही गाव बघितलंय ना? मग जा की निवांत. कशाला वैर घेताय?"

ते गेल्यावर तात्यारावही तेच म्हणाले. "तुझ्या साक्षीनं माझं बोट उगवणार आहे का?" डाव्या हातानं त्यांनी समोरचं ताट भिंतीवर भिरकावलं. उभ्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

वरण भिंतीवरून ओघळत होतं. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही पुढं जा. मी पसंतीनं जाणार होते, पळून नाही जाणार."

तात्याराव खरंच आजऱ्याला गेले. दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या काचेतून दगड आला. कपाळाला चार टाके पडले. आणि एका दुपारी कुरिअर म्हणून बेल वाजली. दार उघडताच सौरभ आत घुसला, त्यानं एका हातानं त्यांचा गळा धरला आणि त्यांना भिंतीवर दाबलं. "काकू, कोर्टात काय बोलणार? बोल ना, काय बोलणार?"

डोळ्यांपुढे अंधारी आली. घासता घासता दार उघडायला आल्या होत्या, कुकरचं झाकण अजून हातातच होतं. त्यांनी ते त्याच्या कानशिलावर मारलं. तो जिन्यात कोलमडला आणि त्यांचा आवाज मोकळा झाला.

या वेळी दारं उघडली. हिंमतराव काठी घेऊन आले, मागून सात-आठ जण. सौरभ खाली पडलेलाच होता. पहिल्या फटक्यांना मंदाकिनीबाईंना बरंच वाटलं. मग त्याचा हात मोडल्याचा आवाज आला आणि तरी कुणी थांबेना. हिंमतराव हसत होते. आंघोळी करणारी सगळी माणसं हसत होती.

"बास! मरेल तो!" त्या मध्ये घुसल्या. एक काठी त्यांच्याच पाठीत बसली. त्या सौरभच्या अंगावर ओणव्या झाल्या, त्याचं डोकं वळवून तोंडातलं रक्त बाहेर काढलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिथंच बसून राहिल्या. तो मेला नाही.

दीड वर्षानं कोर्टात त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "हाच. माझ्या नवऱ्यावर वार यानं केला, माझा गळा यानंच दाबला." त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. आणि जिन्यात कुणी मारलं, असं पोलिसांनी विचारलं होतं तेव्हा त्यांनी हिंमतरावांचं नावही सांगून टाकलं होतं. तेव्हापासून इमारतीत त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. टेम्पोत सामान चढवायलाही कुणी आलं नाही.

आजऱ्यात तात्यारावांनी परसात मिरच्या लावल्या होत्या, डाव्या हातानं. बायको उतरली तेव्हा ते फाटकापाशी उभे होते. त्यांनी सामानाकडे बघितलं. मग म्हणाले, "भांडी तुझी तूच लाव. मला दोन बोटांची सवलत आहे." त्यातलं एक जोडलेलं होतं, याची त्यांना कुणी आठवण करून दिली नाही. मंदाकिनीबाई हसल्या, आणि ओट्यावर बसून रडल्या.

हिंमतरावांवरचा खटला अजून चालू आहे. तारीख असली की मंदाकिनीबाई एसटीनं पुण्याला जातात आणि व्हरांड्यातल्या बाकावर त्यांच्या समोरच बसतात. हिंमतराव वर बघत नाहीत. पुकारा झाला की त्या उठून आत जातात.