वहिनीचे जुने झगे आणि नवं बाळ

आमच्या वहिनीला घरात सगळे ‘संग्रहालय’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिलाही ते आवडतं. ती जुन्या कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. कुणाच्या तरी आजीच्या पेटीतून निघालेले झगे, कोट, ब्लाउज तिथे येतात. ती ते धुते, रफू करते, इस्त्री करून टांगते आणि त्यातलाच एखादा झगा अंगात घालून गल्ल्यामागे बसते. गिऱ्हाईक येतं आणि नेमकं तिच्या अंगावरचंच मागतं. मालकीणबाईंनी तिला ठेवलंय ते निम्मं याचसाठी.

माझ्या आईला हे कधी पटलं नाही. “मेलेल्या बायकांचे कपडे घालून हिंडते,” हे तिचं ठरलेलं वाक्य. “आई, शिवण तर बघा यांची,” वहिनी म्हणायची. आई बघायची नाही. मी नणंद असून वहिनीच्या बाजूची, यातच काय ते समजा.

मग बाळ झालं. भाचा माझा गोड आहे, पण भूक लागली की त्याच्या अंगात येतं. बाटली पुढे केली तर असा चेहरा करतो, जणू आपण त्याच्या खानदानाचा अपमान केलाय. आणि वहिनीचे झगे म्हणजे गळ्यापर्यंत बंद, बटणं सगळी पाठीवर. बाळाला घेऊन ती पहिल्यांदा दुकानात गेली त्या दिवशी त्याने टाहो फोडला. ती पळत कपडे घालून बघायच्या खोलीत शिरली. पाठीवर हात पोहोचेना. शेवटी एका गिऱ्हाईक बाईंनी बटणं काढून दिली, तोवर पोरगं रडून लाल आणि वहिनीही लाल. कसंबसं पाजायला बसते तोच कोट घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी पडदा सरकवला. बिचाऱ्यांनी कोट न घालताच विकत घेतला.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी पुढून उघडणारा फुलाफुलांचा गाऊन घालून जाऊ लागली. त्यात ती आजारपणातून उठून आल्यासारखी दिसायची. गिऱ्हाईक यायचं, बघायचं आणि जायचं. मालकीणबाई वाईट नाहीत, पण बोलायला सरळ. “बाळाचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत घरी राहा,” त्या म्हणाल्या. “तोवर दुसरी कोणीतरी बसेल. सोमवारी सांग मला.” दुसरी कोणीतरी एकदा बसली की उठत नाही, हे सांगायला नको.

त्या संध्याकाळी जेवताना वहिनीला रडू फुटलं.

“मला दोन्ही हवंय,” ती म्हणाली. “याला मीच पाजणार, आणि मला माझं कामही हवंय. यात जास्तीचं काय मागतेय मी?”

दादाने पाण्याचा ग्लास पुढे केला. आमच्या घरातल्या पुरुषांचं सांत्वन तिथेच संपतं. मला दादाचा राग आला, मालकीणबाईंचा आला, आणि ज्या कोणी बटणं पाठीवर लावायची पद्धत काढली त्याचा तर फारच आला.

रविवारी वहिनीने दुकानातून स्वतःसाठी घेतलेले झगे माळ्यावर टाकायला काढले. मी पेटी पुसत होते. आई, तोंड वाकडं करत का होईना, एकेक झगा उलटा करून घडी घालत होती. छातीवर चुण्या असलेला एक चॉकलेटी झगा हातात आला आणि ती थांबली.

“हे आतून कोणी शिवलंय?”

“मीच,” वहिनी म्हणाली. “आला तेव्हा चुण्यांखाली उसवलेला होता.”

“दोन्हीकडे?”

“हो.”

“अगदी सारखा? आणि कडा दुमडलेल्या?”

“मला वाटलं, आधी कोणीतरी दुरुस्ती अर्धी सोडली असेल.”

आई मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अगं, उसवलेला कसला? जिचा झगा तिने पाजायला ठेवलेली चीर आहे ही. वरून चुणी, आत हुक. ही तुझी नणंद पोटात होती तेव्हा मीही शिवून घेतले होते असे. ही तर बसमध्येसुद्धा दम धरायची नाही.”

वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. “मी असे कितीतरी शिवून टाकलेत, आई. इतके बारीक टाके घातलेत की शोधूनही सापडायचे नाहीत.”

“मग शोधून काढ आता. आणि माझा चष्मा आण.”

दुपारभर आम्ही टाके उसवत होतो. मेलेल्या बायकांच्या कपड्यांना नावं ठेवणारी माझी आई मांडीवर झगा घेऊन नवे हुक लावत होती. “शहाणी होती हो बाई,” एवढंच मधे एकदा पुटपुटली. मला तिचा फार अभिमान वाटला, पण तिला सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असती.

सोमवारी मी सुट्टी काढून वहिनीबरोबर गेले. असली गंमत मी सोडत नाही. वहिनी चॉकलेटी झगा घालून गल्ल्यामागे बसली, मांडीवर बाळ. एका बाईंना टोपी दाखवली, एकींना हातमोजे. मालकीणबाई आल्या, त्यांनी झगा पाहिला, आणि त्या खूश झालेल्या दिसल्या. मग त्यांचं लक्ष बाळाकडे गेलं.

“झोपलाय वाटतं,” त्या हळूच म्हणाल्या. “उठला की काय करशील?”

“झोपला नाहीये. पितोय.”

मालकीणबाई वाकल्या. त्यांनी बाळाकडे पाहिलंच नाही, चुण्यांकडे पाहिलं. एकही चुणी जागची हलली नव्हती. बोटाने त्यांनी कड चाचपली.

“ही सोय कोणी केली?”

“जिचा झगा होता तिने. मी ती शिवून बंद केली होती.”

त्या सरळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, आता रजेचं काढणार. त्या तशाच आत गेल्या. हँगर सरकवल्याचे आवाज आले. बऱ्याच वेळाने एक निळा झगा हातावर टाकून परत आल्या. त्याच्याही छातीवर चुण्या होत्या. त्यांनी तो वहिनीपुढे ठेवला आणि शेजारी कात्री ठेवली.

“हाही तूच शिवला होतास,” त्या म्हणाल्या. “उसव. उद्या काय घालशील नाहीतर?”